घरांच्या ओट्या भरणारी हौसाक्का

आमच्या भागात कुठलंबी जुनं घर पाडायचं ठरलं, की जेसीबीच्या आदी हौसाक्का येती. हातात पिशवी. पिशवीत हिरवा खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी. सरळ दाराम्होरं जाती, उंबऱ्याला हळदकुकू लावती आणि घराची ओटी भरती. व्हय, घराची. बाईची भरत्यात तशीच. उंबरा म्हंजे घराचा पदर, असं तिचं म्हणणं. तांदळाच्या पाच मुठी उंबऱ्यावर वतती, वर खण ठेवती, खणावर नारळ, आणि भिंतीवरनं हात फिरवून म्हणती, "नीट जा बाई. मोकळ्या पदरानं कशी जाशील?"

मग बाजूला सरती आणि जेसीबीवाल्याला म्हणती, "हं पावणं, चालू द्या तुमचं."

मी महाद्वार रोडच्या मागल्या गल्लीत ऱ्हातो. लगीन हून आलो त्याच घरात, खालच्या दोन खोल्यांत. माझी नातसून पुण्याची हाय, सणाला आली की हसती. म्हणती, आज्जी, तुम्ही बाई असून 'आलो, गेलो' काय म्हणता? म्हटलं, कोल्हापूरच्या बायका अशाच बोलत्यात, तू तुझ्या भाकरीकडं बघ, करपाली. तर हौसाक्काचं घर माझ्या घरापासनं थोडं म्होरं. माझ्यापरास वाईच थोरली ती. तिला खुळी म्हणून हसणारी गल्ली मी बघितली, आणि तिला भिऊन दारं लावणारी गल्लीबी मीच बघितली.

हसायच्या दिवसांतलं आदी सांगतो. कोपऱ्यावर कमानीची दगडी इमारत हुती, ती पाडाय काढली. जेसीबीचा ड्रायवर परगावचा, मोठ्या मिशांचा. ह्येनं भोंगा वाजीवला. हौसाक्का उंबऱ्याशी बसल्याली. भोंगा परत वाजला.

"ओ आज्जी, बाजूला व्हा की! मालक वरडतोय."

हौसाक्कानं मागं बघितलंबी न्हाय. "तुला भन हाय का रं?"

"हाय की."

"लगीन झालं तिचं?"

"झालं."

"तिची ओटी भरत हुते, तवा मांडवात असा भोंगा वाजीवलातास का?"

ड्रायवरनं इंजिन बंद केलं. खाली उतरला, पायातलं काढलं आणि हात बांधून हुबा ऱ्हायला. तेवढ्यात बिल्डरचा माणूस काळा चष्मा लावून पळत आला. "काय झालं रं? मशीन का बंद?"

"सायेब, ओटी चाललीया."

त्यो बी हुबा ऱ्हायला. खिशातला फोन वाजाय लागला तर त्येनं चोरागत दाबून बंद केला. गल्ली पोट धरून हसली त्या दिवशी.

हौसाक्काला घरं म्हंजे बायकाच. एकेकीला नाव. ती कमानीची पाटलीण, कारण ती कंबरंवर हात ठेवून हुबी असायची. लाकडी गॅलरीला नक्षीची पट्टी असल्याली ती झालरवाली. मधी एकच भिंत असल्याली दोन घरं हुती, त्या जावा-जावा. त्यातली एक पाडली आणि दुसरी कलली. हौसाक्का म्हणाली, "बघ, जलमभर एकमेकीशी बोलल्या न्हाईत. आता कळलं हिला, टेकून कुणावर हुती ते."

नव्या लॉजवर मात्र तिचा राग. काचंच्या इमारती त्या. म्हणायची, "काळा गॉगल लावून बसलीया भवानी. तिला आपुन दिसतो, ती आपल्याला दिसत न्हाय. असल्या बाईसंगं बोलायचं काय?"

खोटं न्हाय तिचं. आदी माझ्या पायरीवर बसलं की अंबाबाईचं शिखर दिसायचं. कौलांची नुसती रांग. कावळा एका टोकाला उतरला की चालत चालत दुसऱ्या टोकाला जायचा, खाली उतरायचं कामच न्हाय. उन्हाळ्यात माड्यांवर कुरडया वाळायच्या. ह्या माडीवरनं त्या माडीवर बायका बोलायच्या, "वैनी, कडीपत्ता हाय का वो?" आणि कडीपत्ता वरच्यावरच जायचा. आता यात्रेकरू पायरीशी येत्यात आणि इचारत्यात, मावशी, देऊळ कुठं आलं? बोट दावावं लागतं. बोट दावताना वरनं लॉजच्या एसीचं पाणी टाळूवर पडतं. पाऊस न्हाय, पाणी न्हाय, आणि म्हातारी भिजल्याली.

आता भ्याचं सांगतो.

आमच्यात एक घड्याळवाला हुता. त्येचं घर पाडायची कुणाच्या तोंडात बात न्हाय. एक दिवस दुपारची हौसाक्का गेली आणि उंबऱ्यावर तांदूळ वताय लागली. घड्याळवाला डोळ्यावरचं भिंग काढून भाईर पळत आला.

"ए म्हातारे! जित्या घराची ओटी भरतीस व्हय?"

"झालं माझं," म्हणाली, नारळ ठेवला आणि आली.

त्या पावसाळ्यात त्येची मागली भिंत बसली. बायका-पोरं म्होरं सोप्यात जेवाय बसल्याली म्हणून वाचली. मागं खाट हुती, कपाट हुतं, ते सगळं मातीत. मी बघाय गेलतो. ताटातली भाकरी तशीच, त्यावर मातीची धूळ, आणि घड्याळवाल्याची बायको भाकरी झटकत बसल्याली. झटकत हुती, झटकत हुती. तिला कळतच न्हवतं ती काय करालीय.

मी हौसाक्काला इचारलं, "तुला कसं ठावं?"

"त्येंच्या सुनंनं दारात रांगोळी काढायची सोडलीती गं," म्हणाली. "घर कुणालाच नको झालंतं. मला वाटलं इकून टाकत्यात. भिंत बसंल असं कुठं ठावं मला?"

पर गल्लीला हे कोण सांगणार? गल्लीनं एवढंच धरलं, की हौसाक्का ज्या दारात पिशवी घिऊन थांबती ते घर जातं. मग सुरू झालं. ती आली की दारं लागाय लागली. एकीनं चौकटीला लिंबू-मिरची बांधली. गुजरीतला सोनार तिला लांबनंच हाळी मारायचा, "आक्का, या, मागल्या दारानं या, चहा घ्या. पिशवी तेवढी तितंच ठेवा!" मागल्या दाराला उंबरा न्हवता त्येच्या.

एकदा ती मंडईतनं नारळ घिऊन आली. नुसता नारळ, हातात. माझ्या डोळ्याम्होरचं सांगतो, पानपट्टीवाला हातातलं पान टाकून हुबा ऱ्हायला. शिंपिणीनं मशीन थांबिवलं. हौसाक्का डावीकडं वळली की डावीकडच्यांचा जीव वर, उजवीकडं वळली की उजवीकडच्यांचा. पाच-सात बायका तिच्या मागनं चालाय लागल्या, पदर तोंडाला लावून. शेवटी एकीला ऱ्हावलं न्हाय.

"आक्का, कुणाचं?"

"काय कुणाचं?"

"नारळ."

"माझा. चटणी करणार हाय."

बायका तितंच मटकन बसल्या. त्या दिवशी तिनं खोबऱ्याची चटणी केली म्हणून गल्ली दोन घास जेवली.

मी हसलो हुतो तवा. आतनं मात्र हसत न्हवतो, कारण तवर माझ्या भिंतीला पोट आलंतं.

मला भ्या कशाचं कवा वाटलं न्हाय. नवरा गेला तवा थोरला पाळण्यातनं उतरला हुता आणि धाकटी पोटात. खानावळीत भाकऱ्या थापाय लागलो. धाकटी तापानं गेली. तिला पोचवून आलो, दुसऱ्या दिशी चूल हुतीच. रडाय बसलो तर पिठाला पाणी कोण घालणार? लेक शिकला, कागलला कंपनीत लागला, तितंच घर घेतलं. मी काय कुणाला बोल लावला न्हाय. पर ह्या वयात ते भ्या घरात शिरलं. जेवाय बसलं की वरच्या कडीपाटातनं आमटीत माती पडायची. ती बोटानं काढायची आणि जेवायचं. पाऊस लागला की भिंतीतनं बारीक आवाज यायचा, कुणी दात खावं तसा. मी भाजीची पाटी घिऊन दारात निवडत बसायचो. आत बसायचं धाडस हुईना.

आणि त्याच आखाडात घरमालक आला. वंगाळ माणूस न्हाय त्यो. म्हणाला, "मावशी, पाऊस सरला की घर उतरवायचं. इलाज न्हाय. तोवर संभाळून ऱ्हावा."

लेकाला फोनवर काय सांगितलं न्हाय. सांगितलं की न्यायला आला असता. त्येच्याकडं जाऊन आलोय मी. तिसरा मजला. सून चांगली हाय, पाणी बी चोवीस तास. पर दार लावलं की डबी. समोरचं कोण ते समोरच्याला ठावं न्हाय. सकाळी सगळी कामाला गेली की भिंतीवरचं घड्याळ तेवढं बोलतं. तितं मेलो तर सांच्याला कळणार, तेबी लिफ्ट बंद नसली तर.

म्हणून मी कुणालाच सांगितलं न्हाय. हौसाक्काला तर न्हायच न्हाय. मनात एकच धरलं, हौसाक्कानं ओटी भरली न्हाय तवर माझं घर जात न्हाय. खुळेपणा हाय, मला कळतंय. तरीबी रोज सकाळी उठून दारात ही एवढी मोठी रांगोळी काढाय लागलो. पावसात वाहून जायची, परत काढायचो. शेजारीण म्हणाली, "मावशी, कुणाचं बारसं हाय का?" म्हटलं, "माझं."

आणि श्रावणात एका दुपारी बघतो, तर हौसाक्का गल्लीतनं येतीया. हातात पिशवी.

पैल्यांदा वाटलं, फुडं जाईल. न्हाय गेली. वळली. माझ्याकडंच वळली.  दार लावायचं सुचलं न्हाय, मी सरळ उंबऱ्यावर बसलो. पाय पसरून, दोनी हात चौकटीला लावून. म्हटलं, भर आता कशी भरतीस.

"शेवंते, ऊठ. उंबऱ्यावर बसू न्हाय."

"बसणार."

"आगं, लक्ष्मीची वाट असती ती."

"माझ्याकडं कवा आलीया लक्ष्मी? पिशवीत काय हाय ते सांग."

"खण-नारळ."

 "आक्का, तुझ्या पाया पडतो. मागं फीर. अजून पाऊस सरायचा हाय. मालक म्हणालाय पाऊस सरला की. आजच कशापाय आलीस?"

 "म्हंजे तुझं बी घर चाललं?"

"तुला ठावं न्हवतं?"

"न्हाय की! केवढाल्या रांगोळ्या काढतीस. मला वाटलं म्हातारी सुखात हाय."

झालं. जे जिवापाड दडवलं ते मीच माझ्या तोंडानं सांगून बसलो.

हौसाक्का खाली पायरीवर बसली. पिशवी मांडीवर घेतली. मग हळूच म्हणाली, "तुझी भराय न्हाय आलो मी. माझीच भरायची हाय. पुतण्यानं घर बिल्डरला दिलं. उद्या सकाळी उतरवणार हाईत."

 तिची तीच बोलाय लागली. "आपल्या घराची आपुन भरायची नसती. बाईला आपली ओटी आपल्याच हातानं भरता येती का? दुसरी बाई लागती. शिंपिणीकडं गेलतो, तिनं दार लावलं. सोनाराच्या बायकूनं चहा दिला आणि म्हणाली मला बरं न्हाय. घड्याळवाल्याच्या सुनंनं तर पोराला उचललं आणि पळाली. सगळी गल्ली फिरलो. शेवटी तुझ्याकडं आलो."

"शेवटी का? घर तर माझंच जवळ."

"तुझ्या कपाळाला कुकू न्हाय म्हणून."

"आणि तुझ्या कपाळाला हाय व्हय गं?"

 हौसाक्का पिशवीच्या बंदाला पीळ घालाय लागली. मग म्हणाली, "नवरा गेला तवा इशीतबी पोचलो न्हवतो मी. वर्साच्या आत नणंदेचं डोहाळजेवण आलं. मला वाटलं घरचीच हाय मी, म्हणून ओटीचं ताट घिऊन म्होरं झालो. सासूनं ताट काढून घेतलं. काय बोलली न्हाय, चार बायकांत हातातनं नुसतं काढून घेतलं. त्येच्यानंतर माणसाची ओटी मी भरली न्हाय. मग एक दिवस फुडच्या चौकातलं घर पाडाय लागले. मनात आलं, ही काय माझ्या हातातनं ताट काढून घेणार न्हाय."

"आणि तुझी गं? तुझी कुणी भरली?"

"लग्नात. आईनं." ती उठली. पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. "उद्या येरवाळी ये. उशीर करू नगंस. त्येंचं मशीन तासावर असतं."

मला वाटलं हुतं सोपं हाय. उंबऱ्यावर तांदूळ वतायचे, नारळ ठेवायचा, यायचं. सकाळी गेलो तर दारात टेंपो. जुन्या लाकडाचा व्यापारी माझ्याआदी आल्याला. दार, चौकट, उंबरा, सगळं उपसून टेंपोत घातल्यालं. असल्या नक्षीच्या चौकटी आता हाटेलात लावत्यात म्हणं, शोभेला. घराला दाराच्या जाग्यावर नुसतं भगदाड. पुतण्या फोनवर बोलत हुता. एका हातानं खुणावत हुता, काकू, चला भाईर. जेसीबी कोपऱ्यावर हुबा. बायका आपापल्या दारातनं बघत हुत्या, म्होरं एकबी येईना.

हौसाक्का आत हुबी. काखंत बोचकं. तिचं तोंड मी तसलं कवा बघितलं न्हवतं. आमचं सगळ्यांचं जे भ्या ती इतकी वर्सं पिशवीत घालून हिंडत हुती, ते तिच्या तोंडावर आल्यालं.

"शेवंते," म्हणाली, "उंबराच न्हेला गं. आता भरायची कुटं? ही मोकळीच जाणार."

मी बी हातात खण-नारळ घिऊन हुबी. माती पडत हुती वरनं. मला तितं थांबायचं बी भ्या वाटत हुतं. म्हटलं, "आक्का, म्होरं ये."

ती आली. उंबरा हुता त्या जाग्यावर आली आणि थांबली.

"पदर पसर."

"कुणाचा?"

"तुझा. घरात तू एकटीच ऱ्हायलीयास."

"खुळी का काय तू? आगं मला... लोक बघालेत."

"बघू देत. माझा हात भरून आलाय, लवकर पसर. वरनं वासा पडला तर दोघी एकदमच जाऊ."

तिनं गल्लीकडं बघितलं. पुतण्याकडं बघितलं. बोचकं खाली ठेवलं आणि पदर पसरला. मी तिच्या कपाळाला हळदकुकू लावलं. घाईत कुकू भिवईवर गेलं. खोटं कशाला सांगू, मनात आलं, ह्या ओटीनं घरं जात्यात, हिला काय झालं तर? तरीबी मुठी वतल्या. तांदूळ, हळकुंड, सुपारी. वर खण. वर नारळ. नारळाच्या वजनानं पदर खाली आला, तसा तिनं दोनी हातांनी पोटाशी धरला.  कवाच्या काळचं ते, तिला आठवंना ओटी भरल्यावर काय करायचं असतं.

म्हटलं, "चल. माझ्याकडं. जवर भिंत हाय तवर हाय."

बोचकं मी उचललं. आम्ही निघालो आणि मागं मशीन चालू झालं. मातीचा लोट आमच्या म्होरं गेला. तिनं मागं बघितलं न्हाय. दोनी हातांनी पदर धरून ती एकेक पाऊल टाकत हुती, आणि बायका दारातनं आत सरायच्या ऐवजी तशाच हुब्या हुत्या.

गल्लीच्या वळणावर आलो, की मी रोज आदी माझ्या भिंतीकडं बघतो. हाय का गेली. त्या दिवशी ते बघायचंच ऱ्हाऊन गेलं. मी तिच्या पदराकडं बघत चालत हुतो, तांदूळ सांडतोय का काय म्हणून.